धागा: गुडघ्याच्या आतल्या बाजूची लिगामेंट (एमसीएल): कबड्डीच्या मैदानापासून ब्रेस सुटेपर्यंत

हाडांचा_हिशेब (धागाकर्ता)

कबड्डीत गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखापत झाली की आपल्याकडे दोन टोकांचे उपचार होतात. एकीकडे कुणीतरी पाय ओढून ‘बसवून’ देतो, गरम तेल चोळतो, वर क्रेप बँडेज गुंडाळतो आणि पोरगं रविवारी पुन्हा मॅटवर. दुसरीकडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि सहा आठवड्यांनी बाहेर येतो तो काडी झालेल्या मांडीचा, न वाकणारा गुडघा. दोन्ही चूक. म्हणून हा धागा. कोच, फिजिओ, एमआरआय वाचणारे, सगळ्यांनी भर घालावी. एकच विनंती, ‘मला झालं तेव्हा’ हे प्रकरण इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि एमसीएल ही गुडघ्यातली सगळ्यात समजूतदार लिगामेंट आहे. सांध्याच्या पोकळीबाहेर असते, रुंद पट्ट्यासारखी असते, रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा आपली आपण भरून येते. गुडघा आत ढकलला जाऊ नये आणि तरीही तो हलत राहावा, एवढंच ती मागते. अट एकच, ती एकटी दुखावलेली असली पाहिजे. म्हणून तपासताना अर्ध्याहून जास्त लक्ष तिच्या शेजाऱ्यांकडे द्यावं.

रचना थोडक्यात. वरवरचा पट्टा मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावरून निघतो आणि नडगीच्या हाडावर सांध्याच्या रेषेच्या सुमारे ६ सें.मी. खाली रुजतो. लांबी १० ते १२ सें.मी. त्याच्याखाली खोल पट्टा, तो आखूड आणि आतल्या मेनिस्कसला (दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला) चिकटलेला. मागच्या कोपऱ्यात तिरकी लिगामेंट, जी गुडघा सरळ असताना काम करते. ही तिसरी बाई लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडतं.

मार कसा बसतो? चढाईपटूचं पाऊल मॅटवर रोवलेलं, गुडघा किंचित वाकलेला, आणि बाहेरच्या बाजूने साखळी (हात धरलेले बचावपटू) येऊन आदळते. गुडघा आत जातो, पाऊल बाहेर राहतं. घोट्याची पकड झालेली असताना चढाईपटूने मध्यरेषेकडे अंग पिळलं की हेच होतं, फक्त पिळाची भर पडते. मातीत पाऊल थोडं सरकतं. मॅटवर बुटाची पकड सुटत नाही आणि तो सगळा जोर गुडघ्यावर येतो.

डावा_कोपरा

कोच म्हणून पहिला प्रश्न. मॅटच्या कडेला डॉक्टर नसतो. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

हाडांचा_हिशेब

सगळ्यात आधी पाऊल बघा. गुडघा वेडावाकडा दिसतोय, पाऊल थंड पडलंय, पावलाच्या वरच्या बाजूची नाडी लागत नाही, बोटं हलत नाहीत, यातलं एकही असेल तर गुडघा निखळून परत बसलेला असू शकतो आणि मागची रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. तिथे तपासणी थांबवा, पाय आहे तसा फळीला बांधा, आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात न्या. हातात तास मोजके असतात.

ते नसेल तर चार गोष्टी विचारा. मार कुठून आला? ‘कट्’ असा आवाज आला का? उभं राहिल्यावर गुडघा सटकतोय असं वाटतं का? सूज किती वेळात आली? नुसती एमसीएल असेल तर सूज आतल्या बाजूपुरती, बेताची असते. दोन ते सहा तासांत अख्खा गुडघा नारळासारखा फुगला तर आत रक्त साठलंय. मग क्रूसिएट (सांध्याच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या दोन लिगामेंट) यांपैकी समोरची म्हणजे एसीएल तुटणं, वाटी सटकणं किंवा हाड मोडणं यांचा संशय घ्या.

इथे एक सापळा आहे. एमसीएल पूर्ण तुटून सांध्याचं आवरणही फाटलं असेल तर रक्त पोटरीकडे उतरतं आणि गुडघा वरून बारीकच दिसतो. खेळाडू म्हणतो, ‘सर, सूज नाही, दुखतही फार नाही.’ पूर्ण तुटलेल्या लिगामेंटला ताण बसत नाही, म्हणून ती अर्धवट तुटलेल्यापेक्षा कधीकधी कमी दुखते. कमी दुखतंय म्हणून परत उतरवू नका.

मैदानात करू नये असं: पाय ओढणं, चोळणं, गरम शेक, आणि ‘चालून दाखव, पळून दाखव’.

फिजिओताई

+१. बर्फाचं एक राहिलं. ओल्या फडक्यातून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. उघडा बर्फ बांधून बसवला की कातडी भाजते, आणि तिथूनच जाणारी कातडीखालची नसही दुखावते. पाय उंच ठेवताना उशी टाचेखाली ठेवायची. गुडघ्याखाली उशी आरामाची वाटते, पण चार दिवसांत गुडघा सरळ होईनासा होतो आणि मग तो सरळ करायला तीन आठवडे जातात.

रोवलेलं_पाऊल

फिजिओचं शिक्षण चालू आहे. ताणाची चाचणी पुस्तकात दोन ओळींची आहे, प्रत्यक्षात दर वेळी वेगळं उत्तर येतं. कुणी नीट सांगेल का?

हाडांचा_हिशेब

सांगतो. हात बसायला वेळ लागतोच.

रुग्ण उताणा, डोकं उशीवर. मान उचलून बघत असेल तर मांडीचे स्नायू घट्ट होतात. सुरुवात नेहमी चांगल्या गुडघ्यापासून, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. दुखऱ्या पायाची मांडी टेबलावरच राहू द्या, पाय टेबलाच्या कडेवरून खाली सोडा, म्हणजे मांडी उचलून धरावी लागत नाही. गुडघा ३० अंश वाकलेला, फार तर खाली मुठीएवढा गुंडाळलेला टॉवेल. तुमचा एक तळहात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, त्याच हाताची बोटं आतल्या सांध्याच्या रेषेवर. दुसऱ्या हाताने घोटा धरा. आता घोटा हळूच बाहेर न्या आणि तळहाताने गुडघा आत दाबा. झटका द्यायचा नाही. बोटाखाली फट किती उघडते आणि शेवटी ‘थांबा’ लागतो की नाही, हे बघा. दोर ताणल्यासारखा कडक थांबा वेगळा, आणि चिखलात पाय गेल्यासारखा मऊ थांबा वेगळा.

३० अंशच का? गुडघा सरळ असताना मागचं आवरण, तिरकी लिगामेंट आणि क्रूसिएट सगळ्याच आधार देतात. वाकवला की त्या ढिल्या पडतात आणि वरवरच्या पट्ट्यावर भार येतो. ग्रूड आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवलं: ५ अंशांवर हा पट्टा आत ढकलण्याला सुमारे ५७ टक्के विरोध करतो, २५ अंशांवर ७८ टक्के.

मग तीच चाचणी ० अंशांवर, आणि ही सोडायची नाहीच. ३० वर उघडतो, ० वर घट्ट: बहुधा एकट्या एमसीएलचं प्रकरण. ० वरही उघडतो: मागचा आतला कोपरा गेला, सोबत क्रूसिएट गेलेली असण्याची शक्यता मोठी. या रुग्णाला नुसता ब्रेस देऊन घरी पाठवू नका.

ग्रेड अशी लावतात. पहिली: दाबल्यावर दुखतं, फट चांगल्या पायापेक्षा जेमतेम जास्त, ५ मि.मी.च्या आत. दुसरी: ५ ते १० मि.मी., पण शेवटी थांबा कडक. तिसरी: १० मि.मी.च्या वर आणि थांबा लागत नाही. बोटाने मिलिमीटर मोजता येतात असा दावा कुणी करू नये. थांब्यावर जास्त विश्वास ठेवा.

उत्तर बदलतं त्याची कारणं ठरलेली आहेत. खुबा बाहेर फिरतो आणि आपल्याला गुडघा उघडल्यासारखा वाटतो, म्हणून पावलाची दिशा आधी पक्की करा. मागचे स्नायू आखडलेले असतात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अशा वेळी हट्ट न करता आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा. तिसरं कारण, ही चाचणी आधी करून पोराला दुखवलं की लॅकमन चाचणीला (एसीएल तपासायची चाचणी) तो पायच ढिला सोडत नाही. एसीएल आधी तपासा, आत ढकलणं शेवटी.

क्षकिरण

एक पुरवणी. एसीएलही तुटलेली असेल तर तुम्ही म्हणता ती फट आणखी मोठी वाटते, आणि एमसीएलची ग्रेड एक पायरी फुगते.

रोवलेलं_पाऊल

वाचनखूण साठवली. पण बोटाने दाबून मेनिस्कस आणि एमसीएल वेगळं कसं ओळखायचं? दोन्ही आतल्या बाजूलाच दुखतं.

फिजिओताई

बोट वरून खाली चालवायचं, एका जागी दाबून थांबायचं नाही. मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर सुरुवात, मग सांध्याची रेषा, मग नडगीवर चार बोटं खाली. एमसीएलचं दुखणं रेषेच्या वर किंवा खालीही सापडतं. मेनिस्कसचं रेषेवरच, बहुधा जरा मागे, आणि उकिडवं बसून वळलं की वाढतं. गुडघा मध्येच अडकला, ठरावीक कोनापुढे सरळच होत नाही, तर मेनिस्कसचा तुकडा आत अडकल्याचा संशय घ्या. त्याला थांबवून ठेवू नका.

उंचवट्याच्याही जरा वर, वाटीच्या आतल्या कडेकडे दुखत असेल तर वाटी सटकून परत बसलेली असू शकते. वाटी बाहेर ढकलायला गेलं की पोरगं हात पकडतं, ती खूण. सांध्याखाली चार-पाच सें.मी.वर, मार न लागता दुखणं, तेही पन्नाशीच्या बाईला जिना चढताना, तर स्नायूंच्या दोऱ्यांखालची पिशवी सुजलेली असते. ते या धाग्याचं प्रकरण नाही.

क्षकिरण

आता चित्रांबद्दल. आधी साधा एक्स-रे. तोही प्रत्येकाला लागत नाही. ओटावाचे नियम आहेत: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दुखणं, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा ९० अंश न वाकणं, किंवा मार लागल्यावर लगेच आणि तपासताना चार पावलंही न टाकता येणं. यातलं एक असलं तरी एक्स-रे काढा. आतल्या कडेला हाडाचा बारीक पापुद्रा सुटलेला दिसला तर मागच्या क्रूसिएटचीही चौकशी करा.

एमआरआय सरसकट नको. ग्रेड १ आणि ० अंशांवर घट्ट असलेली ग्रेड २, बाकी चाचण्या चांगल्या, तर एमआरआयने उपचार बदलत नाही. ग्रेड ३, ० वर उघडणारा गुडघा, फुगलेला गुडघा, अडकणारा गुडघा, किंवा स्नायू आखडल्यामुळे तपासताच न येणारा गुडघा, यांना करावा. १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) असलेलं यंत्र पुरतं.

मागणीपत्रावर नुसतं ‘गुडघा’ लिहू नका. ‘बाहेरून मार, एमसीएलचं खालचं टोक बघणे’ असं लिहा. खालची रुजवण सांध्याच्या ६ सें.मी. खाली असते, आणि चौकट वर सरकलेली असली की नेमकं तेच टोक चित्रातून कापलं जातं. ते टोक तुटून वर गेलं आणि स्नायूंच्या तीन दोऱ्यांच्या वर येऊन बसलं, तर मधे दोऱ्या आल्यामुळे हाडाला परत चिकटू शकत नाही. अंगठ्याच्या स्टेनर दुखापतीसारखाच प्रकार, तिथेही तुटलेलं टोक असंच अडकतं. चित्रात लिगामेंट लाटेसारखी वळवळलेली दिसते. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या एका ओळीवर फिरतो, ती ही.

हाडातली सूजही वाचा. बाहेरच्या बाजूच्या हाडांत ठिपका म्हणजे बाहेरून मार, आतली बाजू ताणली गेली. मात्र मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याच्या मधोमध आणि नडगीच्या बाहेरच्या भागात मागे असा जोडठिपका असेल तर एसीएल पुन्हा बघा.

शेवटचं. अहवालात ‘ग्रेड ३’ आणि हाताला कडक थांबा, असं होतं. पहिल्या दिवसांत सूज इतकी असते की चित्र जास्त बोलतं. उपचार हाताच्या ग्रेडवर करा.

डावा_कोपरा

मुद्द्यावर येऊ. ग्रेड २ चा चढाईपटू. जिल्हा निवड तीन आठवड्यांवर. जमेल का?

फिजिओताई

तीन आठवड्यांत ग्रेड १ जमते. ग्रेड २ ला साधारण चार ते सहा आठवडे, ग्रेड ३ एकटी असेल तर आठ ते बारा. हे आकडे ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलण्यासाठी नाहीत आणि कॅलेंडरवर गोल करण्यासाठीही नाहीत. खालची प्रत्येक पायरी ओलांडली की पुढची. ग्रेड २ साठी लिहिते.

पहिले तीन-चार दिवस: दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस, ० ते ९० अंश मोकळा. दोन कुबड्या, सोसेल तेवढा भार. दर तासाला मांडी आवळणं: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद, १० वेळा. मग पाय सरळ उचलणं, १० च्या तीन फेऱ्या. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तर ती फेरी धरायची नाही. गुडघा वाकवायला फरशीवर बसा, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घाला आणि टाच मागे सरकवा. पिशवीमुळे पाय घासत नाही आणि सरळ रेषेत जातो, आत-बाहेर डुलत नाही.

कुबड्या कधी सोडायच्या? लंगडणं थांबलं आणि पाय सरळ उचलताना गुडघा सैल पडत नाही, तेव्हा. आधी एक सोडा, उरलेली चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. निम्मी माणसं ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि अंग तिकडेच टाकतात.

गुडघा १०५-११० अंश वाकायला लागला की स्थिर सायकल. सीट उंच, जोर शून्य, १० मिनिटं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक (४५ अंशांपर्यंत), १० सें.मी.ची पायरी चढणं, मग २० सें.मी.ची, एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. आरसा समोर हवा. बैठकीत गुडघा पावलाच्या अंगठ्याच्या आत गेला की तीच दुखापत हळूहळू पुन्हा करतोय असं समजा.

जिममध्ये हमखास होणारी चूक: घोट्याला रबर किंवा वजन बांधून पाय आत ओढण्याचा व्यायाम. वजन घोटा बाहेर खेचतं, गुडघ्याची आतली बाजू उघडते. रबर बांधायचंच तर गुडघ्याच्या वर. पोहायला पाठवत असाल तर बेडकासारखी लाथ मारायची पद्धत बंद.

घरातलं: उकिडवं बसणं, मांडी घालणं, वज्रासन हे सगळं पूर्ण, न दुखता वाकेपर्यंत नको. संडासला खुर्चीचं कमोड ठेवा. बाइकवर टांग टाकताना जमिनीवरचा पाय पिळतो, म्हणून दुखरा पाय जमिनीवर ठेवून चढू नका.

अर्धीचड्डी_गट

ब्रेस म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी नी कॅपच ना? आमच्या मंडळात सगळ्यांकडे आहे.

फिजिओताई

नाही. ओढून घालायची कापडी नी कॅप ऊब देते आणि गुडघ्याची आठवण ठेवते, आत जाणं अडवत नाही. लांब, सळ्या घातलेला सरळ पट्टा (इमोबिलायझर) पहिले दोन-तीन दिवस दुखणं आवरायला ठीक. आठवडेच्या आठवडे नाही.

बिजागरीचा ब्रेस घेताना वाटीच्या मध्यापासून १५ सें.मी. वर मांडीचा घेर मोजून घ्या. बिजागरी वाटीच्या मध्याच्या पातळीला, बरोबर बाजूला यावी. पुढे किंवा मागे सरकली तर वाकवताना ब्रेस वर-खाली घासतो. बांधताना पाय किंचित वाकवून बसा. आधी गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्यावर अडकणारा पट्टा, मग लगेच वरचा, मग टोकाचे. सगळ्यात आधी मांडीचा पट्टा आवळला की दुपारपर्यंत ब्रेस घोट्यावर. घाम येतो, म्हणून आत लांब सुती मोजा, आणि रोज एकदा काढून कातडी बघायची. पोटरी दुखून घट्ट झाली, सुजली, तर पट्ट्याला दोष देत बसू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

काकाहळद

आंबेहळदीचा लेप लावू नये असं म्हणायचं आहे का? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

हाडांचा_हिशेब

काका, लेपाशी भांडण नाही. कातडी फाटलेली नसेल, फोड येत नसतील आणि ब्रेसच्या आत ओला राहून कातडी कुजणार नसेल तर लावा. त्याने लिगामेंट जुळत नाही, पण मोडतही नाही. माझं भांडण आहे ते लेपाआधीच्या चोळण्याशी आणि ‘शीर बसवण्याशी’. वरच्या टोकाची इजा जोरात चोळली, जबरदस्तीने वाकवली, तर तिथे चुन्याचा खडा धरू शकतो. पेलेग्रिनीने १९०५ साली आणि स्टीडाने १९०८ साली वर्णन केलेला हाच तो प्रकार. मग महिनोन्‌महिने गुडघा आखडतो आणि एक्स-रेत उंचवट्याजवळ पांढरी कोर दिसते. इजेनंतर तो आपोआपही होतो, पण आपण हातभार कशाला लावायचा?

आणि लिगामेंटमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन सामना खेळणं, हेही त्याच यादीत टाका.

डावा_कोपरा

पूर्वी तर सरळ ऑपरेशन करायचे असं ऐकलंय. आता का नाही?

हाडांचा_हिशेब

तेव्हाची समजूत अशी की तुटलेलं शिवलंच पाहिजे. इंडेलिकाटोने १९८३ साली दाखवलं की एकटी एमसीएल पूर्ण तुटली तरी ब्रेस आणि व्यायामाने शस्त्रक्रियेइतकाच चांगला गुडघा मिळतो. सशांच्या गुडघ्यांवरच्या प्रयोगांनी दुसरी बाजू दाखवली: जखडून ठेवलं की लिगामेंट जिथे हाडात रुजते ती जागाच कमकुवत होते. प्लास्टर गेलं ते त्यामुळे.

आता शस्त्रक्रिया कुणाला? खालचं टोक दोऱ्यांच्या वर अडकलेलं, लिगामेंट सांध्याच्या आत घुसलेली, मोठा हाडाचा तुकडा सुटून सरकलेला, गुडघा निखळून अनेक लिगामेंट गेलेल्या, किंवा ० अंशांवर उघडणारा गुडघा. ताज्या इजेत शिवायचं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत, नंतर कडा ओळखू येत नाहीत. जुनी ढिलाई असेल तर नुसतं शिवून भागत नाही, दुसऱ्या दोरीने नवी लिगामेंट बनवावी लागते. आणि पाय मुळातच आत वळलेला, गुडघ्याला गुडघा लागणारा असेल, तर आधी हाडाची रेघ सरळ करा. वाकड्या पायात घातलेली नवी दोरी रोज ताण खाऊन सैल पडते.

शस्त्रक्रियेचा मोठा तोटा म्हणजे आखडणं. त्यातही वरच्या टोकाच्या इजा चांगल्या भरतात पण आखडतात, खालच्या टोकाच्या मोकळ्या राहतात पण ढिल्या भरतात. टोक कुठलं यावरून फिजिओने आपला भर ठरवावा.

क्षकिरण

आणि एसीएलही तुटली असेल तर? निम्मे प्रश्न इथेच येतात. ओ’डोनह्यूने १९५० साली सांगितलेलं ‘दुर्दैवी त्रिकूट’ अजून सगळे घोकतात: एमसीएल, एसीएल आणि आतला मेनिस्कस. शेलबोर्नने १९९१ साली दाखवलं की खेळाडूंत त्या जोडीबरोबर बाहेरचा मेनिस्कस जास्त वेळा फाटलेला सापडतो. अहवाल लिहिताना आतल्यावर नजर खिळली की बाहेरचा निसटतो.

हाडांचा_हिशेब

जोडीच्या इजेत साधारण रीत अशी: चार ते सहा आठवडे ब्रेसमध्ये एमसीएल भरू द्यायची, गुडघा पूर्ण हलता करायचा, मग एसीएल नवी बनवायची. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात घाईने एसीएल केली की तो दगड होतो. हेलसिंकीत ४७ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली छापल्या गेलेल्या चाचणीत दोन्ही गटांची एसीएल लवकर केली, एका गटाची एमसीएलही शिवली, दुसऱ्याची तशीच भरू दिली. फरक पडला नाही. तरी सहा आठवड्यांनी ० वर फट उघडतच असेल तर दोन्ही एकदम करावं लागतं. ढिली एमसीएल तशीच सोडली तर नव्या एसीएलवर जास्तीचा ताण येतो.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: एसीएलसाठी दोरी कुठून घेणार? मांडीमागच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या आत ढकलणं अडवायला मदत करतात. एमसीएल दुखावलेल्या पायातूनच त्या काढल्या तर राखणदार कमी होतो. काही सर्जन अशा वेळी वाटीखालची किंवा दुसऱ्या पायाची दोरी घेतात.

अर्धीचड्डी_गट

किशोर गटाच्या, चौदा वर्षांच्या मुलांना हेच सगळं लागू?

क्षकिरण

नाही, आणि बरं झालं विचारलंत. वाढत्या वयात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची वाढीची चकती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. बाहेरून मार बसला की चकती सरकते आणि चाचणीत गुडघा उघडल्यासारखा वाटतो. एक्स-रे कधी साफ दिसतो. दुखणं सांध्याच्या रेषेवर नसून वर, हाडाभोवती गोल असेल तर चकतीचाच संशय घ्या, जोर लावून चाचण्या करू नका, एमआरआय करा. एमसीएल समजून सोडून दिलेली चकती पुढे पाय वाकडा किंवा आखूड करू शकते.

डावा_कोपरा

बरं, आता मॅटवर परतणं. ‘दुखत नाही सर’ यावर माझा विश्वास नाही.

फिजिओताई

ठेवूही नका. हे सगळं जमलं पाहिजे: दाबून दुखत नाही, वाकणं-सरळ होणं दुसऱ्या पायाइतकं, ३० अंशांवर कडक थांबा, मांडीची ताकद आणि एका पायाची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के. उडी मोजायला टेप पुरते: तीन उड्या, सरासरी काढा, आणि उतरताना गुडघा आत जात नाही ना तेही बघा. लांब उडी मारून गुडघा आत गेला तर नापास.

पळणं आधी सरळ रेषेत. मग आठ आकड्यात, मोठा आकडा, हळूहळू लहान. मग आडवं सरकणं. ते शेवटी ठेवलंय, कारण आतल्या बाजूवर सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

डावा_कोपरा

कबड्डीचा क्रम मी जोडतो. पहिले तीन-चार दिवस मोकळ्या मॅटवर एकट्याने चढाई, चढाईत ओलांडावीच लागते त्या निदानरेषेला पाय लावून परत. (अवांतर: ‘निदान’ रेषा याच धाग्यात यायची होती.) मग हाताने गडी टिपायचा सराव, पकड नाही. मग अर्ध्या वेगात घोट्याची पकड, आणि पकडणाऱ्याला बजावून ठेवायचं की पाय सरळ मागे खेचायचा, बाजूला पिळायचा नाही. साखळी आणि बाजूने धडक सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आतली बाजू दाबून बघायची. दुखली तर एक पायरी मागे.

फिजिओताई

बरोबर. फक्त घोट्याची पकड दुखऱ्या पायावर आधी करू नका. चांगल्या पायावर दोन दिवस होऊ द्या, कारण तेव्हाच दुखरा पाय रोवलेला असतो आणि तो किती धरतो ते दिसतं.